टाकीतल्या वाफेची साक्ष

बावधनहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने कोथरूडकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला वेताळ टेकडी सोबत करते. टेकडीच्या एका भागाला पुणेकर सरळ 'एआरएआय टेकडी' म्हणतात, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे आहे. देशात विकायची गाडी नियमांत बसते की नाही हे तपासणाऱ्या मोजक्या अधिकृत संस्थांपैकी ही एक. पेट्रोल गाडीला ज्या चाचण्यांमधून जावं लागतं, त्यांतली एक बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकते. गाडी एका हवाबंद खोलीत नेऊन ठेवतात. इंजिन बंद, आत कुणी नाही. आधी तासभर, नुकत्याच धावून आलेल्या तापल्या अवस्थेत. मग चोवीस तास, खोलीचं तापमान २० अंशांवरून ३५ पर्यंत नेत आणि पुन्हा खाली आणत. शेवटी खोलीतली हवा तपासून उभ्या गाडीतून किती हायड्रोकार्बन बाहेर पडले ते काढतात. मर्यादा आहे २ ग्रॅम.

दोन ग्रॅम म्हणजे तीन मिलिलिटरहूनही कमी पेट्रोल. अख्ख्या चाचणीत गाडीने तेवढंच हवेत सोडायचं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांतही हा आकडा कायम आहे.

आपल्याकडे गाडीच्या प्रदूषणाचा विषय सायलेन्सरपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. पीयूसी केंद्रावर नळीसुद्धा सायलेन्सरमध्येच घालतात. टाकीतून, होजच्या भेगेतून, झाकणाच्या झिजलेल्या रबरातून काय निघून जातं, याचा त्या कागदावर पत्ता नसतो. काही गाड्यांमध्ये त्यावर लक्ष ठेवण्याचं काम एका लहानशा सेन्सरकडे असतं. टाकीतल्या वाफेचा दाब तो मोजतो. हा सेन्सर बिघडतो तेव्हा, किंवा बिघडला असं गॅरेजमध्ये सांगितलं जातं तेव्हा, नेमकं काय तपासायचं हे या लेखात मांडायचं आहे. विषय छोटा आहे. पण निदान कसं करतात, त्याला वेळ का लागतो आणि त्या वेळाचे पैसे द्यायला आपण का कचरतो, हे सगळं या छोट्या विषयात येतं.

वाफ येते कुठून, जाते कुठे

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक साध्या तापमानालाच उडून जातात. एप्रिलमध्ये पुण्यात पहाटे विशीत असलेला पारा दुपारी चाळिशीला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत तेवढ्या वेळात वाफ वाढत जाते आणि दाबही. टाकी पूर्ण बंद ठेवली तर दिवसा आतून दाब येणार आणि रात्री गार झाल्यावर आत पोकळी होऊन पत्रा ओढला जाणार. उघडी ठेवली तर सगळी वाफ हवेत.

ही वाफ निरुपद्रवी नाही, हे जगाला लॉस एंजेलिसच्या धुरक्याने शिकवलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हवेतले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरणं, पिकांची पानं करपणं, छाती भरून येणं यामागे हीच रसायनं होती. पुढे कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलांपासून आणि पाठोपाठ साऱ्या अमेरिकेने १९७१पासून गाड्यांवर वाफ अडवणारी यंत्रणा सक्तीची केली.

आपल्यासाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. आपल्याकडे त्याची मर्यादा १ टक्का आहे आणि ते माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. दुसरी गोष्ट, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता खाली साचते. बावधनसारख्या उपनगरात गेल्या काही वर्षांत ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरींचं पार्किंग तळघरात आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगी पुरते. तळघरात सकाळी पेट्रोलचा वास येत असेल तर कुणाच्या तरी गाडीची वाफ अडवणारी यंत्रणा कामातून गेली आहे असं समजून शोध घ्यायला हवा.

यंत्रणा समजायला सोपी आहे. टाकीतून निघालेली वाफ एका नळीने सक्रिय कोळसा भरलेल्या डब्यात जाते. या डब्याला गॅरेजमध्ये 'कॅनिस्टर' म्हणतात. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत वाफ अडकून राहते. गाडी चालू असताना योग्य वेळी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनच्या ओढीने बाहेरची ताजी हवा कोळशातून जाते आणि अडकलेली वाफ सोबत घेऊन इंजिनात जाऊन जळते. ताजी हवा आत येण्याच्या वाटेवर काही गाड्यांमध्ये दुसरा, व्हेंट व्हॉल्व्ह असतो. आणि टाकीवर, पंपाच्या झाकणाजवळ किंवा कॅनिस्टरच्या नळीवर, दाबाचा सेन्सर.

सेन्सरच्या पोटात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. एका बाजूला टाकीतली वाफ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींत फरक पडला की पडदा किंचित वाकतो आणि त्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण चार्ल्स स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९५४ साली मांडला. तेव्हापासून रक्तदाबाच्या यंत्रापासून गाडीच्या टाकीपर्यंत तो वापरात आला. सेन्सरचा आवाका फार लहान असतो, साधारण उणे ३-४ ते अधिक ३-४ किलोपास्कल. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे तो किती नाजूक फरक टिपतो ते कळतं. पुढे गडबड होते ती बहुतेक याच नाजूकपणामुळे.

हा सेन्सर कुणाच्या गाडीत असतो

सेन्सरचा जन्म अमेरिकेतल्या एका नियमातून झाला. १९९६च्या मॉडेलांपासून तिथे गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी अशी व्यवस्था आली, आणि वाफेच्या यंत्रणेत गळती असेल तर तीही शोधावी असं बंधन पडलं. आधी १ मिलिमीटरचं छिद्र सापडावं अशी अपेक्षा होती. २००० सालापासून ती अर्ध्या मिलिमीटरवर आली. टाकीत ओढ निर्माण करायची, सगळ्या वाटा बंद करायच्या आणि ओढ टिकते का बघायची, ही त्याची एक सरळ पद्धत. टिकते का हे सांगायला दाबाचा सेन्सर लागणारच.

गाडीच्या या स्वतपासणीला ओबीडी-२ म्हणतात. भारतात चारचाकींना ते एप्रिल २०१३ पासून आलं. पण आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. कॅनिस्टर हवा, हवाबंद खोलीतली चाचणी हवी. मात्र रस्त्यावर धावताना गाडीने स्वतः गळती शोधावी अशी सक्ती त्यांत नाही. पर्ज व्हॉल्व्हची तार तुटलेली नाही एवढं संगणकाने बघितलं तरी पुरतं. म्हणून आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तो भेटतो मुख्यतः आयात केलेल्या आणि अमेरिकी बाजार डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या गाड्यांत. ज्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं इंजिन बराच काळ बंद असतं, त्यांच्या टाक्या दाबाखाली बंद ठेवाव्या लागतात. तिथेही दाब मोजणं आलंच.

मालकासाठी पहिला प्रश्न म्हणूनच हा, की माझ्या गाडीत हा सेन्सर आहे का? गाडीच्या पुस्तिकेत किंवा भागांच्या यादीत उत्तर सापडतं. नसलेल्या सेन्सरच्या नावाने बिल लागू नये, एवढ्यासाठी तरी हे माहीत असावं.

या विषयाचा मराठी घरांशी दुसरा संबंध समुद्रापलीकडून येतो. आई-वडील बावधनला आणि मुलगा-सून न्यू जर्सीत, अशी घरं इथल्या सोसायट्यांत कमी नाहीत. न्यू जर्सीची वाहन तपासणी गाडीच्या संगणकाला विचारून होते. 'चेक इंजिन'चा दिवा लागलेला असला की गाडी नापास. गाडी उत्तम धावते आहे, ॲव्हरेज ठीक आहे, आवाज नाही, तरीही. अमेरिकेत जुन्या गाड्यांना हा दिवा दाखवायला लावणाऱ्या नेहमीच्या कारणांत वाफेची यंत्रणा असतेच. कोड पुसून लगेच तपासणीला जाता येत नाही, कारण पुसल्यावर गाडीची स्वपरीक्षाही कोरी होते आणि संगणक 'अजून तपासणी झालेली नाही' असं सांगतो. ही परीक्षा पुन्हा व्हायला गाडी रात्रभर गार झालेली लागते, टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये भरलेली लागते, हवा फार थंडही नको आणि फार गरमही नको. जमून यायला कित्येकदा काही दिवस जातात.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येतो. वाफदाबाच्या सेन्सरचे पाच कोड आहेत. पी ०४५० म्हणजे सेन्सरच्या मंडलात दोष. पी ०४५१ म्हणजे सिग्नल येतो आहे, पण परिस्थितीशी जुळत नाही. पी ०४५२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०४५३ म्हणजे फार जास्त, आणि पी ०४५४ म्हणजे अधूनमधून तुटणारा. शेजारचे कोडही ओळखून असावेत. पी ०४४२ छोटी गळती, पी ०४५५ मोठी गळती, पी ०४५६ अगदी बारीक गळती.

कोड ही साक्ष आहे, निकाल नाही. संगणक एवढंच सांगतो की 'मला या तारेवर अमुक व्होल्टेज दिसलं आणि ते मला पटलं नाही'. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. सेन्सर, त्याच्या तीन तारा, कपलर, अर्थ, पाच व्होल्टचा पुरवठा आणि खुद्द संगणक, यांपैकी कुणीही दोषी असू शकतं. पी ०४५१मध्ये तर सेन्सर पूर्णपणे खरं बोलत असण्याची शक्यता मोठी असते. व्हेंटची वाट चिखलाने बंद झाली, टाकीत खरोखरच ओढ तयार झाली, सेन्सरने ती इमानदारीने सांगितली, आणि आपण त्यालाच काढून फेकलं, असं होतं.

आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, 'साहेब, सेन्सर गेला, नवीन टाकून बघू.' यात लबाडी असतेच असं नाही. बऱ्याचदा घाई असते, कंपनीचा तक्ता हाताशी नसतो, आणि तपासणीचे पैसे कुणी देत नाही हा अनुभव असतो. पण 'टाकून बघू' ही निदानाची पद्धत होऊ शकत नाही. नवा सेन्सर टाकल्यावर कोड पुसला जातो, दिवा जातो, गाडी घरी जाते. स्वपरीक्षा पुन्हा झाली की आठवड्याभराने दिवा परत. तोवर जुना सेन्सर भंगारात गेलेला असतो आणि मूळ दोष जिथल्या तिथे.

एक गाडी, पायरीपायरीने

समजा, बावधनच्या एका गॅरेजात एक आयात केलेली पेट्रोल गाडी आली आहे आणि कोड आहे पी ०४५३, सिग्नल फार जास्त. चांगला कारागीर यापुढे कसा जाईल, ते पाहू.

कोड पुसायची घाई तो करणार नाही. आधी फ्रीझ फ्रेम उतरवून घेईल. दिवा लागला त्या क्षणी टाकी किती भरलेली होती, इंजिन किती तापलं होतं, गाडी उभी होती की धावत होती, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. सोबत आणखी कोणते कोड आहेत तेही बघेल. पाच व्होल्टचा पुरवठा अनेकदा दोन-तीन सेन्सरांना एकाच वाटेने जातो. शेजारच्या सेन्सरांचेही कोड एकदम आले असतील तर टाकीपाशी शोधण्यात अर्थ नाही, पुरवठ्यात दोष आहे.

मग चावी ऑन, इंजिन बंद, आणि टाकीचं झाकण उघडं. झाकण उघडलं की टाकीतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. आता सेन्सरचं वाचन शून्याच्या जवळ यायला हवं. सगळ्या तपासणीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी पायरी, तिला स्कॅनरखेरीज ना अवजार लागतं ना खर्च. झाकण उघडं असूनही स्कॅनर अधिक ३ किलोपास्कल दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याचं मंडल नक्की चुकतं आहे. शून्य दाखवत असेल, तर टाकीत खरोखर दाब साचत होता का याचा विचार करायला हवा. व्होल्टमध्ये बघायचं तर कंपनीचा तक्ता हवाच. काही गाड्यांत शून्य दाबाला दीड व्होल्टच्या आसपास येतं, काहींत अडीच, काहींत तीनच्या वर. एका कंपनीचा आकडा दुसरीला लावला की चांगला सेन्सर खराब ठरतो.

पुढची पायरी डोळ्यांची. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचं झाकण असतं, तिथून सेन्सरपर्यंत पोचता येतं. काहींत टाकी थोडी खाली घ्यावी लागते. कपलर काढून पिना बघायच्या. हिरवट गंज, पाणी, मागे सरकलेली पिन. तारांवर दातांच्या खुणा. टेकड्या आणि मोकळे प्लॉट जवळ असलेल्या वस्तीत उंदीर-घुशी गाडीत शिरतात आणि वायरिंग कुरतडतात, हे इथल्या प्रत्येक वायरमनला माहीत आहे. एक तार अर्धी तुटलेली असली की खड्ड्यात गाडी आदळेल तेव्हाच सिग्नल जातो आणि पी ०४५४ उमटतो.

आता मल्टिमीटर. तीन तारांचं काम वेगळं. एकीवर पाच व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ, एक सिग्नल. कपलर काढून पुरवठा मोजायचा. पाचच्या जवळ आला तर ठीक. मग अर्थ. पी ०४५३च्या तपासणीत सर्वाधिक फसगत इथे होते. अर्थची तार तुटली असेल तर सेन्सर धडधाकट असूनही त्याचा सिग्नल वर उडून पाच व्होल्टला चिकटतो. संगणकाला तो 'फार जास्त दाब' वाटतो आणि बळी जातो सेन्सरचा. म्हणून कपलर जोडलेला असताना, चावी ऑन ठेवून, अर्थच्या तारेपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघायचं. ०.१ व्होल्टच्या आत हवं. त्याहून बरंच जास्त असेल तर दोष अर्थचा, सेन्सरचा नव्हे.

यानंतर सिग्नलच्या तारेची परीक्षा. कपलर काढला की स्कॅनरवरचं वाचन बदलून एका टोकाला जायला हवं. ते शून्यावर जाणार की पाचवर, हे संगणकाच्या आतल्या रचनेवर ठरतं. काढल्यावरही वाचन जिथल्या तिथे चिकटून राहिलं आणि ते त्या रचनेचं ठरलेलं टोक नसेल, तर तार कुठेतरी दुसऱ्या तारेला टेकली आहे. कपलर काढल्यावर शून्यावर येणाऱ्या गाडीत पुरवठ्याची आणि सिग्नलची पिन फ्यूज लावलेल्या जोडतारेने जोडून बघता येतं. स्कॅनरवर पाच व्होल्ट दिसले तर तारा आणि संगणक दोन्ही निर्दोष. आता संशय सेन्सरवर येतो, आणि आता तो रास्त आहे.

तरीही शेवटची खात्री करायचीच. सेन्सरला माहीत असलेला दाब देऊन तो काय सांगतो ते बघायचं. इथे बऱ्याच ठिकाणी हातातला व्हॅक्यूम पंप वापरतात. त्या पंपाचा काटा शंभर किलोपास्कलपर्यंतचा असतो, तर सेन्सरचा सगळा आवाका तीन-चार किलोपास्कलचा. जरा जोराने दाबलं तर पडदा कायमचा वाकतो. याहून स्वस्त आणि अचूक साधन म्हणजे पाणी. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून त्यात पाणी भरायचं आणि दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक मोजपट्टीने मोजायचा. १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. टाकीपासून सोडवलेल्या सेन्सरला टी-जोडाने ही नळी आणि एक मोठी सिरिंज लावली की सिरिंज हळूच ओढून १०, २०, ३० सेंटिमीटरची ओढ देता येते. प्रत्येक टप्प्याला व्होल्टेज सारख्या अंतराने सरकायला हवं. मध्येच अडखळलं, उडी मारली किंवा हललंच नाही, तर सेन्सर खराब हे सिद्ध झालं. आता नवा टाकायचा, आणि निर्धास्तपणे टाकायचा.

सेन्सर निर्दोष निघाला तर शोध यंत्रणेकडे वळतो. ज्या स्कॅनरला व्हॉल्व्हना हुकूम देता येतो, त्याने व्हेंट बंद करायचा, इंजिन चालू ठेवून पर्ज उघडायचा आणि टाकीतला दाब उणे बाजूला जाताना बघायचा. मग पर्ज बंद करून ती ओढ टिकते का ते पाहायचं. ओढ तयारच झाली नाही तर पर्जची वाट बंद किंवा गळती मोठी. तयार होऊन हळूहळू ओसरली तर बारीक गळती. ती शोधायला धुराचं यंत्र लावतात. निष्क्रिय वायूसोबत धूर अगदी कमी दाबाने आत सोडायचा आणि तो कुठून डोकावतो ते बघायचं. गॅरेजमधला कॉम्प्रेसर मात्र या नळ्यांना कधीही लावू नये. त्याचा दाब सातशे-आठशे किलोपास्कल असतो. कॅनिस्टर फुटतो, आणि टाकीत हवा-पेट्रोलचं स्फोटक मिश्रण तयार होतं. हे सगळं काम उघड्यावर, वेल्डिंग आणि ग्राइंडरपासून लांब, विडी-सिगारेट दूर ठेवूनच करायचं.

घाट, चिखल आणि पंपावरची सवय

पुस्तकात न सापडणारी काही कारणं त्या त्या जागेची असतात. बावधनमधून भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटाने माणगावला उतरणारा रस्ता घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. कोकणात उतरल्यावर तो १०१च्या जवळ. दोन-तीन तासांत सहा किलोपास्कलचा फरक. सेन्सर धडधाकट असेल तर हा फरक त्याला जाणवत नाही, कारण पडद्याच्या मागची बाजू एका बारीक छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी असते आणि टाकीही कॅनिस्टरच्या वाटेने बाहेरच्या हवेशी जुळवून घेते. पण ते छिद्र पावसाळी चिखलाने बुजलं तर मागच्या बाजूला पुण्याची हवा अडकून राहते. घाट उतरल्यावर टाकीत कोकणचा दाब आणि मागे पुण्याचा. सहा किलोपास्कलचा खोटा दाब, म्हणजे सेन्सरच्या आवाक्याच्याही बाहेर. ज्या गाडीचा दिवा घाट उतरल्यावर लागतो आणि परत वर आल्यावर कोड थांबतो, तिच्या सेन्सरचं छिद्र आधी बघावं. साफ करून भागत असेल तर भाग बदलायचं कारण नाही.

चिखल कॅनिस्टरच्या ताज्या हवेच्या वाटेलाही भोवतो. काही गाड्यांत कॅनिस्टर मागच्या चाकांजवळ खाली असतो. ताम्हिणीतला पाऊस, कच्च्या रस्त्यांचा राडा, किंवा उन्हाळ्यात बांधकामाची धूळ त्याच्या गाळणीत बसते. हवा आत येईना की टाकीत ओढ साचते. पंपावर झाकण उघडताना जोराचा 'फस्स' आवाज येणं, किंवा पेट्रोल भरताना बंदूक सारखी आपोआप बंद होणं, ही त्याची लक्षणं. मालकाने ही दोन लक्षणं गॅरेजमध्ये सांगितली तर कारागिराचा अर्धा तास वाचतो.

तिसरं कारण माणसाच्या सवयीचं. बंदूक एकदा 'टक' करून थांबली की टाकी भरली. त्यापुढे 'दादा, राऊंड फिगर करा' म्हणत आणखी दोन-तीनदा दाबलं की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत चढतं आणि कॅनिस्टरपर्यंत पोचतं. कोळसा वाफेसाठी असतो. द्रव पेट्रोलने भिजला की तो निकामी होत जातो, आणि कधीकधी त्याचे कण सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पहिल्या 'टक'ला थांबणं हा या यंत्रणेवरचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि तो प्रत्येक पेट्रोल गाडीला लागू आहे, सेन्सर असो वा नसो.

वाहतूक कोंडीचाही इथे वाटा आहे. चांदणी चौकातला जुना पूल १ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला गेला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बहुस्तरीय रस्त्यांचं लोकार्पण झालं. तरी भूगावच्या दिशेला गर्दीच्या वेळी रांगा लागतातच. रांगेत रांगणारी, रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर जाणारी गाडी कॅनिस्टर रिकामा करायला पुरेशी संधी देत नाही. कोळसा भरलेलाच राहतो आणि दुपारच्या उन्हात नवी वाफ अडवायला जागा उरत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चांगली चालवली तर कॅनिस्टरला मोकळं व्हायला मिळतं.

इंधनही बदललं आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता तेच सर्रास मिळतं. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाचा वाफदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढतो. पाच ते दहा टक्के मिश्रणात ही वाढ सर्वांत जास्त असते आणि वीस टक्क्यांना थोडी उतरते. शिवाय ज्या रबरी होज इथेनॉलसाठी घडवलेल्या नाहीत, त्या फुगतात, ताठर होतात, भेगाळतात. जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर सेन्सरच्या आधी होज तपासाव्यात.

निदानाचं मोल

वर सांगितलेल्या पायऱ्यांना किती वेळ लागतो? हात बसलेल्या कारागिरालाही एक-दोन तास, टाकी खाली घ्यावी लागली तर आणखी. अवजारं फार नाहीत. चांगला स्कॅनर, मल्टिमीटर, पाण्याची नळी, आणि कंपनीचा तक्ता. खरी गुंतवणूक आहे ती समजून घेण्याची. आणि आपल्या व्यवहारात तिलाच जागा नाही. बिलात भागाची किंमत लिहिलेली असते, तो बसवण्याची मजुरी असते. 'दोष शोधला' यासाठी ओळ नसते. शोधण्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, 'नुसतं बघायचे कसले पैसे?' मग गॅरेजवाला तो वेळ भागाच्या किमतीतून काढतो. नीट तपासून फुकटात तार जोडून देणारा कारागीर तोट्यात राहतो आणि सेन्सर बदलणारा फायद्यात. असा व्यवहार चालवून आपण चांगल्या कारागिरांना वाईट सवयी लावतो आहोत.

डॉक्टरकडे तपासणीचे पैसे देताना आपण 'औषध कुठे आहे?' असं विचारत नाही. गाडीच्या बाबतीतही तपासणी हे स्वतंत्र, मोल असलेलं काम आहे, हे गिऱ्हाइकाने आधी मान्य करायला हवं. त्या बदल्यात गिऱ्हाइकाने तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरं कागदावर मागावीत. कोणता कोड होता आणि फ्रीझ फ्रेममध्ये काय होतं? झाकण उघडल्यावर सेन्सरचं वाचन किती आलं? पुरवठा, अर्थ आणि सिग्नल किती व्होल्ट भरले? ही तीन उत्तरं ज्या जॉब कार्डवर लिहिली आहेत, तिथे सेन्सर बदलायचा निर्णय झाला असेल तर तो विचारपूर्वक झाला आहे. ज्या जॉब कार्डवर ती नाहीत, तिथे बदललेला भाग हा अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं आहे.

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना हीच शिस्त पहिल्या वर्षी हाताने करून शिकवली, तर ती आयुष्यभर पुरेल. आज टाकीतल्या वाफेचा सेन्सर आहे, उद्या बॅटरीच्या तापमानाचा असेल. इंधन बदलेल, गाडी बदलेल. पण प्रत्येक सेन्सरला पुरवठा लागेल, अर्थ लागेल, आणि माहीत असलेली स्थिती देऊन त्याचं उत्तर पडताळणारा माणूस लागेल. टेकडीवरच्या प्रयोगशाळेत गाडीची वाफ ग्रॅमात मोजून तिला रस्त्यावर सोडतात. रस्त्यावर आल्यानंतरची तिची पंधरा वर्षं मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या हातात असतात. पहिलं मोजमाप जितकं काटेकोर, तितकंच दुसरंही व्हायला हवं, आणि त्याची सुरुवात पुढच्या बिलात तपासणीची एक ओळ मागण्यापासून, आणि ती मागितल्यावर तिचे पैसे देण्यापासून करता येईल.